पात्रांतर : फेसाळ द्रवाच्या स्थलांतराचा एक इतिहास

१

‘पात्र’ हा शब्द मराठीत निदान तीन अर्थांनी वावरतो. भांडे म्हणजे पात्र, नाटकातील व्यक्ती म्हणजे पात्र आणि एखाद्या गोष्टीस जो योग्य तोही पात्र. साहित्याच्या अध्यापकांचा संबंध बहुधा दुसऱ्या अर्थाशी येतो आणि परीक्षेच्या दिवसांत तिसऱ्याशी. पहिला अर्थ स्वयंपाकघराकडे सोपवून आपण मोकळे होतो. प्रस्तुत लेखात आम्हाला त्या पहिल्या अर्थाकडे वळायचे आहे. एका भांड्यातील द्रव दुसऱ्या भांड्यात नेणे या अगदी साध्या क्रियेला इतिहास असतो, आणि त्यात विज्ञान, कायदा, व्यापार आणि घर यांचे संबंध गुंतलेले असतात, असे आमचे म्हणणे आहे.

उदाहरण घेऊ ते घरी केलेल्या बिअरचे. अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया या देशांत हौसेने घरी बिअर करणाऱ्यांचा मोठा वर्ग आहे. यांतील पुष्कळ जण तयार बिअर बाटल्यांत न भरता पोलादी पिंपात साठवतात. या पिंपाला तिकडे ‘केग’ म्हणतात. पिंपातील बिअरमध्ये कार्बन डायऑक्साइड वायू दाबाखाली विरघळलेला असतो. पेल्यात उठणारा फेस आणि जिभेला जाणवणारी चुणचुण ही त्याचीच कामगिरी. कधी तळाला साचलेला गाळ मागे ठेवून वरची नितळ बिअर वेगळी करायची असते, कधी मोठ्या पिंपातला थोडा भाग लहान पिंपात घालून मित्रांकडे न्यायचा असतो. अशा वेळी प्रश्न उभा राहतो : वायू न गमावता ही बिअर एका पिंपातून दुसऱ्या पिंपात न्यायची कशी?

प्रश्न क्षुल्लक वाटेल. पण सोडावॉटरची बाटली उघडून ती दुसऱ्या बाटलीत ओतून पाहावी. निम्मी बाटली फेसाने भरते, फेस बसेपर्यंत थांबावे लागते, आणि अखेरीस जे उरते त्याला सोडा म्हणणे जिवावर येते. द्रव सगळा आला, पण ज्याच्यामुळे तो ‘तो’ होता ते वाटेतच उडून गेले. भाषांतराशी ज्यांचा संबंध आला आहे त्यांना हा अनुभव अपरिचित नसावा. मात्र हे साम्य इथेच सोडून आधी इतिहासाकडे जाऊ. साम्ये लवकर हाती आली की इतिहास वाचायचा राहून जातो.

२

या इतिहासाचा आरंभ ओतण्यानेच होतो, हा एक विलक्षण योगायोग आहे.

१७६७ मध्ये जोसेफ प्रीस्टली हा धर्मोपदेशक इंग्लंडमधील लीड्स गावी राहायला आला. मिल हिल येथील प्रार्थनामंदिरात तो उपदेशक होता. तो इंग्लंडच्या राजमान्य चर्चबाहेरच्या पंथाचा, म्हणजे प्रस्थापित विद्यापीठांची दारे ज्यांना बंद होती अशांपैकी एक. त्याचे पहिले बिऱ्हाड एका बिअरच्या कारखान्याला लागून होते. आंबणाऱ्या बिअरच्या मोठ्या कुंडांवर एका जड वायूचा थर साचतो, हे कारखान्यातल्या कामगारांना ठाऊकच होते. त्या काळी या वायूला ‘स्थिर हवा’ म्हणत. प्रीस्टलीने तो थर मोजला : साधारण ९ इंच ते १ फूट. त्यात जळती ढलपी धरली की ती विझे आणि तिचा धूर त्या थरात अडकून कुंडाच्या कडेवरून खाली ओघळे.

मग त्याने एक साधा प्रयोग केला. दोन भांडी घेऊन, ती त्या थराच्या आत धरून, एकातले पाणी दुसऱ्यात आणि दुसऱ्यातले पहिल्यात असे तो ओतत राहिला. दोन-तीन मिनिटांत पाण्याला झऱ्याच्या खनिजजलासारखी चुणचुणीत चव आली. मनुष्याच्या हातून झालेल्या सोडावॉटरच्या आरंभीच्या प्रयोगांपैकी हा एक.

वाचकांनी इथे क्षणभर थांबावे. उघड्या हवेत ओतले असता वायू निघून जातो. प्रीस्टलीच्या हातून तेच ओतणे वायू पाण्यात आणत होते. क्रिया एकच, फळ मात्र उलट. फरक हाताच्या कौशल्याचा नव्हता, भांड्यांचाही नव्हता. फरक होता तो ओतण्याच्या भोवताली काय आहे याचा. ओतण्याने द्रव ढवळला जातो, त्याचा पृष्ठभाग वाढतो, आणि द्रव व भोवताल यांच्यातील देवघेव वेगाने होते. भोवती तोच वायू असेल तर तो आत शिरतो. भोवती साधी हवा असेल तर आतला बाहेर पडतो. पुढच्या अडीचशे वर्षांत या क्षेत्रात जे जे घडले ते सारे या एका निरीक्षणाचा विस्तार आहे, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

प्रीस्टलीने ते घर सोडले तेव्हा कारखान्यातला फुकटचा वायू संपला आणि त्याला तो स्वतः तयार करावा लागला. खडूवर आम्ल टाकून निघणारा वायू जनावराच्या मूत्राशयाच्या पिशवीतून पाण्यात सोडण्याची रीत त्याने १७७२ मध्ये एका पुस्तिकेत प्रसिद्ध केली. हे पाणी खलाशांच्या स्कर्व्ही रोगावर चालेल अशी त्याची आशा होती, ती पुढे खोटी ठरली. या रीतीवर त्याने पैसा केला नाही. पैसा केला तो जिनीव्हातील याकोब श्वेप याने. १७८३ च्या सुमारास त्याने तिथे कृत्रिम खनिजजलाचा धंदा उभारला आणि १७९२ मध्ये तो लंडनला आणला. प्रीस्टलीच्या वाट्याला दुसरेच आले. फ्रेंच राज्यक्रांतीविषयीच्या त्याच्या सहानुभूतीमुळे १७९१ मध्ये बर्मिंगहॅमच्या जमावाने त्याचे घर आणि प्रयोगशाळा जाळली, आणि १७९४ मध्ये तो अमेरिकेस निघून गेला.

३

प्रीस्टलीला जे हाताने कळले ते आकड्यांत मांडण्याचे काम मँचेस्टरच्या विल्यम हेन्रीने केले. त्याचा पिता टॉमस हेन्री हा औषधविक्रेता होता आणि कृत्रिम खनिजजल तयार करून विकणाऱ्यांपैकी होता; म्हणजे मुलाचे विज्ञान बापाच्या दुकानातून उगवले. १८०३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात विल्यमने दाखवले की, तापमान कायम असता द्रवात विरघळणाऱ्या वायूचे प्रमाण त्या वायूच्या द्रवावरील दाबाच्या प्रमाणात बदलते. दाब दुप्पट, तर विरघळलेला वायूही दुप्पट. आज शाळकरी मुले याला ‘हेन्रीचा नियम’ म्हणून पाठ करतात.

तापमानाचाही वाटा मोठा आहे. नेहमीच्या वातावरणीय दाबाखाली पाणी शून्य अंश सेल्सिअसला आपल्या आकारमानाच्या सुमारे पावणेदोन पट कार्बन डायऑक्साइड सामावून घेते. २० अंशांना हे प्रमाण पटीच्याही खाली येते. तेव्हा थंड द्रव वायू धरून ठेवतो आणि कोमट द्रव सोडून देतो. साधारण ३-४ अंश तापमानाला, दर चौरस इंचास १२ पौंड इतक्या जादा दाबाखाली ठेवलेल्या बिअरमध्ये तिच्या आकारमानाच्या अडीचपट वायू असतो. झाकण उघडले की तो तिथे राहण्याचे कारणच संपते.

म्हणून या द्रवांच्या इतिहासात झाकणाला फार महत्त्व आहे. इथे महाराष्ट्रातील वाचकांच्या ओळखीची एक वस्तू आठवावी : गोटीसोड्याची बाटली. हायरम कॉड या इंग्रज अभियंत्याने १८७० च्या दशकाच्या आरंभी तिचे पेटंट घेतले. बाटली उलटी धरून भरतात. सुलटी करताना आतली काचेची गोटी मानेत येऊन बसते आणि आतल्या वायूच्याच दाबाने रबरी कड्यावर घट्ट रुतते. जो पळू पाहतो त्याच्याच जोराने दार बंद होते. इंग्लंडात ही बाटली केव्हाच जुन्या वस्तूंच्या दुकानात जाऊन बसली. आपल्याकडे ती जत्रांत आणि रसवंतिगृहांच्या शेजारी टिकून राहिली. या गोटीची तत्त्वाने सख्खी असलेली एक बहीण पुढे अमेरिकेत भेटणार आहे, म्हणून हा उल्लेख.

४

आतापर्यंत आम्ही शोधकांचा इतिहास सांगितला. पण बिअर ही शोधकांची नव्हे, घरांची निर्मिती होती, आणि त्या घरांत ती करणारे हात प्रामुख्याने बायकांचे होते.

मध्ययुगीन इंग्लंडात ‘एल’ हे पेय गावोगाव घरोघरी होई. त्यात हॉप्सची फुले नसत. त्यामुळे ते काही दिवसांतच आंबट होई आणि दूर नेता येत नसे. जे टिकत नाही आणि हलत नाही, त्याचा मोठा व्यापार होऊ शकत नाही. म्हणून गावातली एखादी बाई आपल्या घरापुरते करी आणि उरलेले शेजाऱ्यांना विकी. ज्युडिथ बेनेट या इतिहासकार स्त्रीने १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या बायकांचा धंदा साधारण १३०० ते १६०० या काळात पुरुषांच्या हाती कसा गेला, हे न्यायालयीन नोंदींच्या आधारे दाखवले आहे. चौदाव्या शतकाच्या मध्यावरील प्लेगच्या महामारीनंतर मागणी वाढली, धंद्याला भांडवल लागू लागले आणि पुढे नेदरलँड्सकडून हॉप्स घातलेली बिअर आली. हॉप्समुळे बिअर टिकू लागली. टिकू लागली म्हणून हलू लागली. आणि हलू लागली म्हणून ती मोठ्या पिंपांच्या, मोठ्या भांडवलाच्या आणि व्यवसायसंघांच्या मालकीची झाली. कर्ज, करार, संघाचे सदस्यत्व यांपैकी काहीही विवाहित स्त्रीला सहज मिळणारे नव्हते.

या क्रमातील उपरोध आम्हाला महत्त्वाचा वाटतो. बिअर घराबाहेर पडली ती तिच्या चवीमुळे नव्हे, स्थलांतराच्या क्षमतेमुळे. एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात, एका गावातून दुसऱ्या गावात जाण्याची ताकद तिला मिळाली, आणि ज्या घरांनी तिला घडवले त्यांचाच तिच्याशी संबंध सुटत गेला. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत लंडनहून निघालेली पिंपे आफ्रिकेला वळसा घालून मुंबई-कलकत्त्याच्या धक्क्यांवर उतरत आणि त्यांतली बिअर इथे बाटल्यांत भरली जाई. तिने केलेला प्रवास पाहता, ती मूळची स्वयंपाकघरातली आहे हे कोणाच्या ध्यानीमनीही येणे शक्य नव्हते.

उरलेले काम करआकारणीने केले. १८८० मध्ये ग्लॅडस्टनच्या सरकारने ब्रिटनमध्ये माल्टवरील जुना कर काढून टाकला आणि कर थेट बिअर करण्याच्या प्रक्रियेवर बसवला. त्याबरोबर घरी बिअर करणाऱ्यालाही परवाना घेणे भाग पडले. हा परवाना १९६३ पर्यंत राहिला. अमेरिकेत १९२० ते १९३३ अशी दारूबंदी होती. ती उठल्यावर घरी वाइन करण्याला मुभा मिळाली, पण घरी बिअर करणे केंद्रीय कायद्याने बेकायदाच राहिले. बिअरचे कारखाने पुन्हा सुरू झाले, स्वयंपाकघर मात्र पंचेचाळीस वर्षे गुन्हेगार ठरले.

५

दरम्यान कारखान्यांनी स्थलांतराचे शास्त्र पूर्णत्वास नेले होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात यांत्रिक शीतकरण आले, पाश्चरचे बिअरवरील संशोधन १८७६ मध्ये ग्रंथरूपाने आले, आणि बिअर भरताना समोरच्या भांड्यात आधीच तेवढाच दाब निर्माण करण्याची रीत रूढ झाली. हिला आपण ‘प्रतिदाब’ म्हणू. देणाऱ्या आणि घेणाऱ्या भांड्यांत सारखाच दाब असेल तर द्रवाला आपण घर बदलले हे जणू कळतच नाही, आणि फेस होत नाही.

विसाव्या शतकात धातूची बंद पिंपे आली. ब्रिटनमध्ये १९३० च्या दशकापासून काही कारखान्यांनी बिअर गाळून, पाश्चरीकरण करून, वरून वायू भरून अशा पिंपांतून विकण्याचे प्रयोग सुरू केले. १९६० च्या दशकात ही ‘केग बिअर’ सर्वत्र पसरली. तिच्याविरुद्ध १९७१ मध्ये जी ग्राहक-चळवळ उभी राहिली ती ‘कॅम्रा’ या संक्षिप्त नावाने ओळखली जाते. खरी एल कोणती, या प्रश्नाला तिने दिलेले उत्तर साहित्याच्या अभ्यासकांना रोचक वाटेल. जिच्यात किण्वनाची क्रिया पिंपातच चालू राहते आणि जी बाहेरून आणलेल्या कार्बन डायऑक्साइडचा आधार न घेता पेल्यात येते, ती खरी.

रसायनशास्त्राच्या दृष्टीने पिंपात जन्मलेला वायू आणि नळकांड्यातून आलेला वायू यांत भेद नाही, रेणू तोच. तरीही या वादाला केवळ भाबडेपणा म्हणून उडवून लावता येत नाही. पोथीतील मूळ ओवी कोणती आणि प्रक्षिप्त कोणती, हा वाद आपणही घालतो. प्रक्षिप्त ओवी कित्येकदा मूळ ओवीइतकीच सुरेख असते, तरी घालतो. कारण प्रश्न ओवीच्या दर्जाचा नसून ती कोणाच्या हातून आली याचा असतो. कॅम्राचा रोखही रेणूवर नव्हता. पाश्चरीकरणाने यीस्ट मारायचे आणि मग निर्जीव झालेल्या बिअरला वायू भरून जिवंतपणाचे सोंग आणायचे, या व्यवहारावर होता. तेवढ्यापुरते तिचे म्हणणे आम्हाला पटते. मात्र बाहेरचा वायू म्हणजे कारखान्याचा वायू हे समीकरण पुढच्याच दशकात अटलांटिकपलीकडे मोडले.

६

१९७८ च्या ऑक्टोबरात राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी एका कायद्यावर सही केली. सिनेटर ॲलन क्रॅन्स्टन यांच्या दुरुस्तीमुळे त्यात घरगुती बिअरवरचा केंद्रीय कर माफ झाला : घरात एक प्रौढ असेल तर वर्षाला १०० गॅलन आणि दोन किंवा अधिक असतील तर २०० गॅलन, तेही स्वतःच्या उपयोगासाठी, विक्रीसाठी नव्हे. त्याच वर्षी कोलोराडोतील बोल्डर येथे घरगुती बिअर करणाऱ्यांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. तिच्या संस्थापकांपैकी चार्ली पपाझियन यांचे १९८४ मधील पुस्तक या हौशी मंडळींचे पाठ्यपुस्तक ठरले. सर्व राज्यांनी मान्यता देईपर्यंत मात्र २०१३ साल उजाडले. मिसिसिपी आणि अलाबामा ही शेवटची दोन.

कायदा मिळाला, पण भांडे? ते मिळाले भंगारातून, आणि हा या कथेतला आमचा सर्वांत आवडता प्रसंग आहे. अमेरिकेतील शीतपेयांच्या कंपन्या उपाहारगृहांना पाक पुरवण्यासाठी ५ गॅलनची, म्हणजे सुमारे १९ लिटरची, उभी पोलादी पिंपे वापरीत. कॉर्नेलियस या उत्पादकाच्या नावावरून त्यांना ‘कॉर्नी केग’ म्हणत. त्यांच्यातही जोडणीचे दोन पंथ : कोका-कोलाची खुंट्यांची आणि पेप्सीची छर्ऱ्यांची. पुढे पाक खोक्यातल्या प्लॅस्टिकच्या पिशवीतून येऊ लागला आणि ही पिंपे मोठ्या संख्येने निकामी ठरून स्वस्तात विकली जाऊ लागली. घरगुती बिअरवाल्यांनी ती उचलली. या पिंपाचे झाकण लंबगोल असते; ते तिरके करून आत घालायचे आणि आतून वर ओढून बसवायचे. आतला दाब त्याला रबरी कड्यावर घट्ट दाबून धरतो. गोटीसोड्याच्या गोटीची बहीण ती हीच.

आता लेखाच्या आरंभी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देता येईल. आमच्यापैकी कोणी हे स्वतः केलेले नाही. पण रीत समजून घेण्यासारखी आहे.

पिंपाला दोन तोंडे असतात. एक वायूचे, त्याची नळी आत आखूड असते. दुसरे द्रवाचे, त्याची नळी तळापर्यंत जाते. पहिली गोष्ट, दोन्ही पिंपे सारखीच थंड करायची. दुसरी, घेणारे पिंप रिकामे करायचे. इथे नवशिक्याची गफलत होते. दिसायला रिकामे असलेले पिंप रिकामे नसतेच. ते हवेने भरलेले असते, आणि हवेतला प्राणवायू तयार बिअरचा शत्रू आहे. त्याच्या संपर्काने काही दिवसांत हॉप्सचा गंध विझतो आणि पुढे ओल्या पुठ्ठ्यासारखी चव येते. वरून नुसता कार्बन डायऑक्साइड सोडून ही हवा पुरती निघत नाही, कारण दोन्ही वायू एकमेकांत मिसळतात. म्हणून ते पिंप जंतुनाशक द्रावणाने अगदी काठोकाठ भरतात आणि मग ते द्रावण कार्बन डायऑक्साइडच्या दाबाने बाहेर ढकलतात. द्रावण निघून जाते आणि त्याच्या जागी केवळ हवा तो वायू राहतो. पिंप खऱ्या अर्थाने रिकामे करण्यासाठी ते आधी पूर्ण भरावे लागते.

तिसरी गोष्ट, घेणाऱ्या पिंपातला दाब देणाऱ्याइतका करायचा. मग दोघांची द्रवाची तोंडे एका नळीने जोडायची. बिअर एकाच्या तळातून निघते आणि दुसऱ्याच्या तळाशी उतरते. वरून पडत नाही, म्हणून ढवळली जात नाही. पण दाब सारखा असल्याने ती आधी हलतच नाही. तिला हलवण्यासाठी घेणाऱ्या पिंपाच्या वायूच्या तोंडावर एक नियंत्रित झडप बसवतात आणि ती किंचित सैल करतात. देणाऱ्याला नळकांड्यातून वायूचा पुरवठा चालू असतो. अशा झडपेला ‘स्पंडिंग व्हॉल्व्ह’ म्हणतात. ‘स्पुंड’ म्हणजे जर्मन भाषेत पिंपाचे बूच. किण्वन संपण्याआधी बूच मारून बिअरचा स्वतःचाच वायू तिच्यात जिरवण्याची जुनी जर्मन रीत या नावात शिल्लक आहे. दाबात फरक नसेल तर प्रवाह नाही. फरक फार असेल तर फेस. सगळे कसब या दोहोंमधल्या अरुंद वाटेने जाण्यात आहे. पिंप किती भरले हे आत डोकावून पाहता येत नाही. बाहेरच्या दमट हवेत थंड पोलादावर जमलेल्या दवाची रेषा वर सरकताना दिसते, तिच्यावरून किंवा वजनावरून ते ओळखतात.

प्रीस्टलीचे ते दोन-तीन मिनिटांचे ओतणे आणि हे ओतणे यांच्यात मोठे अंतर आहे, पण तत्त्व एकच : काय टिकते हे ओतणाऱ्यापेक्षा भोवतालावर अवलंबून असते. लीड्सच्या कारखान्यात तो भोवताल आयता होता. इथे तो एका भांड्याच्या आत मुद्दाम, आधी तयार करावा लागतो. आणि बाहेरून आणलेला तो ‘परका’ वायू इथे बिअरला जिवंतपणाचे सोंग देत नाही. जिवंत बिअरला वाटेत सांभाळतो. कॅम्राच्या व्याख्येला या वापराची कल्पना नव्हती.

७

या इतिहासातून आम्हाला जे म्हणायचे आहे ते थोडक्यात मांडतो. हस्तकला जेव्हा एका हातातून दुसऱ्या हातात जाते तेव्हा तीही पात्रांतरच करीत असते. इंग्लंडातल्या बायकांची कला कारखान्यात पोचली, पण त्या बायका पोचल्या नाहीत. न्यायालयाच्या दंडपत्रकांत नावे उरली तेवढीच. उलट १९७८ नंतर कारखान्याची विद्या घरात परत आली ती बऱ्याच अंशी शाबूत, कारण घेणारे पात्र तयार होते : कायदा होता, पिंपे होती, पुस्तके आणि मंडळे होती. तरीही ती परत आली ती त्याच घरात नव्हे. संघटनांच्या सभासदांत बहुसंख्या पुरुषांची आहे. स्वयंपाकघरातून गेलेली वस्तू मोटारीच्या गॅरेजमध्ये परतली.

या रूपकाची मर्यादाही सांगितली पाहिजे. वायू निसटतो तो निसर्गनियमाने. धंदा निसटतो तो कोणीतरी घेतल्यामुळे. इतिहासातल्या हानीला ‘दाब कमी पडला’ असे म्हणणे म्हणजे घेणाऱ्याला दोषमुक्त करणे होय. आपल्या प्रांतापुरते पाहिले तरी हे लक्षात येईल. १८७८ चा मुंबई अबकारी कायदा आणि १८९२ चा मोहाच्या फुलांविषयीचा कायदा यांनी आदिवासींच्या घरी होणारी मोहाची दारू गुन्ह्याच्या सदरात घातली, सरकारी मक्त्याच्या भट्ट्यांचे उत्पन्न राखण्यासाठी. तिथे गळती नव्हती, उचल होती. स्वातंत्र्यानंतर १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने परवान्याविना मद्य तयार करणे निषिद्धच ठेवले, आणि नाव बदलून तो कायदा महाराष्ट्रात आजही चालू आहे. दारू घरोघरी व्हावी की नाही, हा वेगळा आणि गंभीर प्रश्न आहे. दारूने मोडलेली घरे आपल्यातल्या प्रत्येकाने पाहिली आहेत. पण गॅरेजमधल्या हौसेचा इतिहास ग्रंथांत नोंदला जावा आणि पाड्यावरच्या कसबाचा केवळ पोलिसी पंचनाम्यात, हा भेद त्या प्रश्नाने झाकला जाऊ नये.

राहता राहिला आपला वर्ग. वर्गात बसलेला विद्यार्थी म्हणजे रिकामे भांडे आणि अध्यापक म्हणजे ओतणारा, या कल्पनेची आपण भाषणांतून पुष्कळ टर उडवतो आणि तासाला जाऊन वागतो मात्र तसेच. वर्षानुवर्षे आम्ही वरून ओतत आलो आहोत. कविता उंचावरून पडते, फेस भरपूर होतो, आणि उत्तरपत्रिकेत जे उतरते ते बेचव असते. दोष विद्यार्थ्यांच्या पात्रतेला देऊन आम्ही मोकळे होतो. घरगुती बिअरवाला असे म्हणत नाही. फेस झाला की तो आधी दाब तपासतो, तापमान तपासतो, आणि समोरचे पिंप रिकामे समजण्यात आपली चूक झाली का, ते पाहतो. समोरचे मूल कोणती भाषा, कोणती गाणी, कोणता राग मनात भरून वर्गात आले आहे याची चौकशी आम्ही किती वेळा केली? लेख लिहिताना हा प्रश्न आम्ही एकमेकांना विचारला, आणि उत्तर देताना दोघांच्याही माना खाली गेल्या.

असो. जून उजाडला की नव्या तुकड्या येतील. पहिला आठवडा काहीही न ओतता, नुसते विचारण्यात घालवावा, असे आम्ही ठरवले आहे. अभ्यासक्रम एक आठवडा मागे पडेल.